सावली आपल्याकडे पडली पाहिजे

स्मरणिका समितीचा निरोप आला तेव्हा मला विषय सुचवला होता, ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील माझी वाटचाल’. मी कळवलं की वाटचालीत सांगण्यासारखं फार काही नाही, त्यापेक्षा मी इतिहासावर लिहिते. यावर आमच्या ग्रुपवर जे हसण्याचे चेहरे आले ते मोजायला वेळ लागला. हसणाऱ्यांचं चुकलं नाही. इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर बीजगणित सोडवणारी ती मीच. सरांनी दोनदा वही जप्त केली होती. सर, हा लेख त्या वहीची उशिराने केलेली भरपाई समजा.

पण या इतिहासाकडे मी आपल्याच वर्गातल्या एका मित्रामुळे आले, म्हणून आधी त्याच्याबद्दल. लिहायला त्याची परवानगी घेतली आहे, नाव मात्र घालत नाही. तुमच्यातले निम्मे ओळखतीलच.

1995 साली आपण दहावी झालो. तो बारावीनंतर हवाई दलात गेला, फोटो विभागात. 20 वर्षं नोकरी करून, चाळिशीच्या आत, पेन्शन घेऊन घरी आला. त्या 20 वर्षांत त्याने नेमकं काय पाहिलं हे त्याने कधी सांगितलं नाही आणि ते विचारायचंही नसतं. विमानातून काढलेले फोटो वाचायचे, एवढंच आम्हाला ठाऊक. घरी आल्यावर त्याने नोकरी शोधायला सुरुवात केली आणि मला फोन केला. मी तेव्हाही उपग्रहाच्या चित्रांवर काम करणाऱ्या कंपनीत होते, आजही आहे. तो म्हणाला, ‘‘तुझ्याकडे फोटोंचंच काम असतं ना गं? माझा कागद पुढे कर.’’

त्याचा कागद एका पानाचा होता. अनुभव या रकान्यात लिहिलं होतं, ‘फोटोग्राफी, 20 वर्षे.’ त्याखाली दोन ओळी, त्याही मोघम, कारण जास्त लिहायची मुभाच नव्हती. मी तो पुढे पाठवला. भरती पाहणाऱ्या मुलीने विचारलं, ‘‘मॅडम, हे लग्नाचे फोटो काढतात का?’’ मग प्रोग्रॅमिंग येतं का, पदवी कशात आहे, असे दोन प्रश्न झाले आणि कागद बाजूला पडला. मी काही बोलले नाही. त्याला मेसेज टाकला, ‘बघते, काही असेल तर कळवते.’ नंतर ना मी पाहिलं, ना कळवलं. तोही पुन्हा बोलला नाही. मध्ये तीन-चार वर्षं गेली. मधल्या काळात तो एका गोदामात सुरक्षा पर्यवेक्षक होता, हे मला दुसऱ्याच कुणाकडून समजलं.

त्याचा फोटो विभाग आणि माझं ऑफिस यांच्यात खरंच काही नातं आहे का, हे मी फार उशिरा शोधायला लागले. जे सापडलं ते शंभर वर्षांहून जुनं निघालं आणि त्याची सुरुवात चक्क मुंबईत झाली.

ऑस्बर्ट गाय स्टॅनहोप क्रॉफर्ड यांचा जन्म 1886 मध्ये ब्रीच कँडीला झाला. वडील ठाण्याला न्यायाधीश होते. आई बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत गेली. तीन महिन्यांच्या क्रॉफर्डना बोटीने इंग्लंडला आत्यांकडे पाठवलं गेलं आणि तिथेच ते वाढले. शिकले भूगोल, रमले पुरातत्त्वात. पहिलं महायुद्ध सुरू झालं तसे ते सैन्यात गेले, तिथे नकाशांच्या कामावर लागले आणि पुढे रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये निरीक्षक झाले. दोन माणसांच्या उघड्या विमानात एक जण विमान चालवायचा आणि दुसरा खाली पाहून नोंदी करायचा, फोटो काढायचा. शत्रूचे खंदक कुठवर आलेत, काल नव्हती अशी कोणती वाट आज उमटली आहे, हे पाहणं त्यांचं काम. एकदा पायाला गोळी लागली. 1918 च्या फेब्रुवारीत शत्रूच्या मुलखात उतरावं लागलं आणि युद्ध संपेपर्यंत ते जर्मनांच्या कैदेत राहिले.

सुटून आल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होताच. वय 32, हातात पुरातत्त्वाची हौस आणि युद्धातला अनुभव. त्या वेळी ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे, म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेचे प्रमुख होते चार्ल्स क्लोज. नकाशांवर जुने किल्ले, थडगी, रोमन रस्ते दाखवलेले असत आणि त्यांत चुका असत. त्या सुधारायला पुरातत्त्व जाणणारा माणूस हवा, हे क्लोज यांना पटलं. 1920 मध्ये त्यांनी पुरातत्त्व अधिकारी असं नवं पदच तयार केलं आणि त्यावर क्रॉफर्डना नेमलं. खात्यातल्या बऱ्याच जणांना हे पद फालतू वाटत होतं, नव्या माणसाचं स्वागत थंडच झालं. पण पद होतं, टेबल होतं आणि नकाशे समोर होते.

दोन वर्षांनी, 1922 मध्ये, त्यांना हवाई दलाने हॅम्पशरवर काढलेले काही फोटो दाखवण्यात आले. ते पुरातत्त्वासाठी काढलेले नव्हते. वैमानिकांना त्यांतलं काही कळलं नव्हतं, कळण्याचं कारणही नव्हतं. क्रॉफर्डना त्यांत फिकट रेषांचं जाळं दिसलं. ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतांचे बांध होते. जमिनीवर उभं राहिलं तर त्यांचा पत्ता लागत नव्हता, वरून मात्र सगळा आराखडा उलगडत होता.

हे का दिसतं, ते आपल्या शेतकरी घरांतल्या मंडळींना चटकन पटेल. एखाद्या जुन्या खंदकात शेकडो वर्षं माती भरत जाते. ती माती खोल आणि भुसभुशीत असते, ओल धरते. तिच्यावरचं पीक उंच वाढतं आणि जास्त दिवस हिरवं राहतं. उलट जमिनीखाली जुनी भिंत असेल तर तिथे माती उथळ, पीक खुरटं, लवकर पिवळं पडणारं. उन्हाचा ताण बसला की हा फरक वाढतो आणि वरून पाहणाऱ्याला पिकातच जुन्या गावाचा नकाशा दिसतो. उरलेलं काम सावली करते. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वीतभर उंचवटाही लांब सावली टाकतो.

क्रॉफर्डनी मग हवाई दलाचे जुने फोटो धुंडाळायला सुरुवात केली. 1921 मध्ये काढलेल्या काही फोटोंत त्यांना स्टोनहेंजपासून निघणाऱ्या प्राचीन मार्गाचा हरवलेला भाग सापडला. नांगरटीमुळे तो जमिनीवर पुसला गेला होता. 1923 च्या सप्टेंबरात त्यांनी तिथे खणून पाहिलं आणि फोटोत दिसलेल्या जागीच मार्गाच्या दोन्ही बाजूंचे चर मिळाले. पुढच्या वर्षी ते मुरंब्याच्या धंद्यातले श्रीमंत वारस अलेक्झांडर कीलर यांच्याबरोबर विमानातून हिंडले आणि त्यातून 1928 मध्ये ‘वेसेक्स फ्रॉम द एअर’ हे पुस्तक झालं. 1927 मध्ये त्यांनी ‘अँटिक्विटी’ हे नियतकालिक सुरू केलं. ते आजही निघतं.

मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटले ते चार्ल्स क्लोज. क्रॉफर्डची नजर खंदकांवर तयार झाली होती. तीच नजर शेतांच्या बांधांवर चालेल हे क्रॉफर्डना स्वतःला ठाऊक असेलही, पण ते आधी दुसऱ्या कुणाला तरी पटावं लागलं. क्लोजनी पद निर्माण केलं नसतं तर हवाई दलाच्या कपाटातले ते फोटो कपाटातच राहिले असते.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रवास उलटा झाला आणि मग पुन्हा सुलटा. लंडनच्या पश्चिमेला टेम्स नदीच्या काठावर मेडमेनहॅम नावाच्या गावी एका मोठ्या बंगल्यात 1941 पासून हवाई दलाचं फोटो वाचण्याचं मुख्य केंद्र होतं. इथे भरती कुणाची केली? पुरातत्त्ववाले, भूगोलवाले, भूशास्त्रवाले. ज्यांना पुसट खुणांवरून मोठी गोष्ट जुळवायची सवय होती, असे लोक. त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या.

कामाची पद्धत सुंदर होती. विमान सरळ रेषेत जाताना फोटो असे काढायचे की एका फोटोतला साधारण 60 टक्के भाग पुढच्या फोटोतही यावा. मग एकाच जागेचे, थोड्या वेगळ्या कोनांतून घेतलेले दोन फोटो स्टिरिओस्कोप नावाच्या दोन भिंगांच्या साध्या चौकटीखाली ठेवायचे. डावा डोळा एका फोटोवर, उजवा दुसऱ्यावर. क्षणभराने मेंदू दोन्ही एकत्र करतो आणि सपाट कागदावरून घरं, झाडं, टेकड्या उभ्या राहतात. आलेला फोटो तीन टप्प्यांत वाचला जाई. पहिला काही तासांत, तातडीच्या गोष्टींसाठी. दुसरा दिवसभरात, काल-परवाच्या फोटोंशी ताडून. तिसरा सावकाश, एकेका विषयाच्या जाणकाराकडून.

विमानांचा विभाग सांभाळत होत्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ. युद्धाआधी त्या ‘द एरोप्लेन’ या मासिकात लिहीत असत. 1943 च्या अखेरीस जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावरच्या पीनमुंडे इथल्या फोटोंत, एका उतरत्या फलाटावर, त्यांना छोट्या क्रुसासारखा एक ठिपका दिसला. ते होतं व्ही-1, वैमानिकाविना उडणारं बाँबवाहू यान. उत्तर फ्रान्समध्ये तशाच आकाराचे फलाट जागोजाग बांधले जात होते. ते कशासाठी, हे त्या ठिपक्याने उलगडलं.

युद्ध संपल्यावर या स्त्रियांचं काय झालं, हे मी मुद्दाम शोधलं. बॅबिंग्टन स्मिथ अमेरिकेत गेल्या, 1946 पासून काही वर्षं ‘लाइफ’ मासिकात काम केलं आणि मग चरित्रकार झाल्या. वैमानिक एमी जॉन्सन, लेखिका रोज मॅकॉले, कवी जॉन मेसफील्ड यांची चरित्रं त्यांनी लिहिली. फोटो वाचण्याची नोकरी त्यांनी पुन्हा केली नाही. 1957 मध्ये मेडमेनहॅमची गोष्ट पुस्तकात सांगितली, एवढंच.

त्याच बंगल्यात 1942 ते 1945 या काळात डोरोथी गॅरॉडही होत्या. त्या केंब्रिजच्या पुरातत्त्वाच्या प्राध्यापक. 1939 मध्ये त्यांची निवड झाली तेव्हा केंब्रिजमध्ये प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. युद्धानंतर त्या आपल्या खुर्चीवर परतल्या. पण स्त्रियांना पुरुषांसारखी पूर्ण पदवी केंब्रिजने दिली ती 1948 मध्ये. म्हणजे ज्या बाईंनी युद्धात फोटो वाचले आणि विद्यापीठात प्राध्यापक म्हणून शिकवलं, त्यांना त्यांचं विद्यापीठ तोवर पुरतं आपलं म्हणत नव्हतं. अंगी गुण असणं आणि तो समोरच्याने मान्य करणं यांत किती वर्षांचं अंतर असू शकतं, याचं मला याहून चांगलं उदाहरण सापडलं नाही.

आपल्या देशाशीही या गोष्टीचा धागा आहे. भारत आणि आग्नेय आशियातल्या हवाई फोटोंचं वाचन ज्या केंद्रात चाले, त्याचे प्रमुख होते ग्लिन डॅनियल, पुरातत्त्ववालेच. स्टुअर्ट पिगट हेही युद्धकाळात भारतात याच कामावर होते. फोटो वाचता वाचता पिगटनी इथली जुनी शहरं आणि सिंधू संस्कृती अभ्यासली आणि 1950 मध्ये ‘प्रीहिस्टॉरिक इंडिया’ हे पुस्तक लिहिलं. डॅनियल केंब्रिजला परतले, 1950 च्या दशकात बीबीसीच्या पुरातत्त्वावरच्या कार्यक्रमामुळे घराघरांत पोचले आणि 1957 मध्ये क्रॉफर्ड वारल्यावर ‘अँटिक्विटी’चे संपादक झाले. ब्रीच कँडीला जन्मलेल्या निरीक्षकाने सुरू केलेलं नियतकालिक भारतात फोटो वाचलेल्या माणसाच्या हाती आलं.

माणसांसारखीच साधनंही सैन्यातून बाहेर आली. त्यांतलं एक कोकणातल्या मंडळींना जवळचं वाटेल. तोफा, गाड्या झाडांच्या तोडलेल्या फांद्यांखाली किंवा हिरव्या जाळीखाली लपवतात. साध्या फोटोत फांदी, जाळी, झाड सगळं एकसारखंच हिरवं. पण जिवंत पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करतं. तोडलेली फांदी सुकू लागली की हे परावर्तन घटतं आणि हिरव्या रंगाला तर ते साधतच नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धात अवरक्त प्रकाश टिपणारी रंगीत फिल्म तयार झाली. तिच्यावर जिवंत झाडी लाल उमटते आणि लपवाछपवी वेगळ्या रंगात उघडी पडते.

रॉबर्ट कोलवेल हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ युद्धात नौदलासाठी हवाई फोटो वाचत होते. युद्धानंतर ते बर्कलेच्या विद्यापीठात गेले. त्यांनी या गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं. मरायला लागलेली फांदी जर वेगळी दिसते, तर रोग पडलेलं पीकही वेगळं दिसायला हवं. 1956 मध्ये त्यांनी धान्यपिकांवरचे रोग हवाई फोटोंवरून ओळखता येतात हे दाखवून दिलं. फिल्म तीच आणि डोळेही तेच होते, त्यांनी फक्त प्रश्न बदलला. ‘शत्रू कुठे लपलाय?’ याच्या जागी ‘झाडाला काय झालंय?’ असं विचारलं.

1970 च्या सुमारास हाच प्रश्न आपल्याकडे विचारला गेला. केरळात माडांना मूळकुजव्यासारखा रोग लागला होता. डॉ. पी. आर. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर माडांच्या बागांचे फोटो काढले. रोगट माडांचा रंग निरोगी माडांपेक्षा वेगळा उमटला. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात म्हणून हा प्रयोग सांगितला जातो. पिशारोटी त्याआधी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक होते. 1966 मध्ये डेहराडूनला हवाई फोटो वाचायला शिकवणारी संस्था डच मदतीने उभी राहिली होती आणि 1988 च्या मार्चमध्ये आपला आयआरएस-1ए हा उपग्रह वर गेला. आपण तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. मी आज ज्या चित्रांवर पोट भरते, त्यांचं कूळ हे असं आहे.

आणखी एक तारीख. अमेरिकेने 1960 ते 1972 या काळात कोरोना नावाच्या हेर-उपग्रहांतून फोटो काढले. फिल्मची गुंडाळी डब्यात घालून अवकाशातून खाली सोडायची आणि पॅराशूटने उतरणारा डबा विमानाने हवेतच पकडायचा, असा तो कारभार. असे 8 लाख 60 हजारांहून अधिक फोटो 1995 च्या फेब्रुवारीत निघालेल्या आदेशाने सर्वांना खुले झाले. आपण तेव्हा दहावीच्या परीक्षेच्या धास्तीत होतो. पुढे त्या फोटोंतून इराक-सीरियाच्या सपाट मुलखातल्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या पायवाटा सापडल्या. क्षेपणास्त्रं शोधायला काढलेल्या फोटोंत गुराढोरांच्या, माणसांच्या पावलांनी खोल गेलेल्या वाटा! नंतरच्या धरणांनी आणि नांगरटीने त्यांतल्या कितीतरी मोडल्या. त्या आता फक्त हेरांच्या फिल्मवर उरल्या आहेत.

हे सगळं मी वाचायला लागले त्याचं कारण आता सांगते.

तीन वर्षांपूर्वी आपण काही जण शाळेजवळच्या त्या जुन्या हॉटेलात भेटलो होतो. मी लॅपटॉप घेऊनच आले होते, कारण काम अडलं होतं. उपग्रहाच्या चित्रांतून शेततळी मोजणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो आणि ते उन्हाळ्यातली कोरडी शेततळी दाखवताना सारखं चुकत होतं. खडी क्रशरशेजारचे खडीचे ढीग ते शेततळी म्हणून मोजायचं. आमच्या टीमने महिनाभर गणित बदलून पाहिलं होतं. मी चहा घेता घेता स्क्रीनकडे बघत चिडचिड करत होते.

तो शेजारी बसला होता. त्याने विचारलं, ‘‘किती वाजताचा फोटो आहे?’’ मी म्हटलं, सकाळी साडेदहाच्या आसपासचा. त्याने काही न बोलता माझा लॅपटॉप उचलला आणि उलटा करून माझ्यापुढे धरला. ‘‘आता बघ.’’

माझ्या डोळ्यांसमोर खड्ड्याचा ढीग झाला.

‘‘सावली आपल्याकडे पडली पाहिजे,’’ तो म्हणाला. ‘‘नाहीतर डोळा फसतो. पहिल्या आठवड्यात शिकवतात.’’

कारण साधं आहे. आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय असते. नकाशात उत्तर वर ठेवली की आपल्याकडच्या सकाळच्या चित्रांत सूर्य बहुतेक वेळा खालच्या बाजूने येतो आणि सावली वर पडते. मग मेंदू उंचवट्याला खड्डा समजतो. आमच्या संगणकाला डोळे नसतात, तो फसला नव्हता. फसली होती ती आमची माणसं, ज्यांनी संगणकाला शिकवण्यासाठी हजारो चित्रांवर ‘हे शेततळं’ अशा चौकटी आखल्या होत्या. त्यांनी ढिगांनाच खड्डे म्हटलं होतं आणि संगणक ते इमानदारीत शिकला होता. महिनाभर आम्ही गणितात दोष शोधत होतो.

मी त्याला विचारलं, ‘‘हे तू तुझ्या कागदावर का लिहिलं नाहीस?’’ तो म्हणाला, ‘‘काय लिहू? फोटो उलटा धरता येतो, असं?’’ सगळे हसले. मला हसता आलं नाही. त्याचा कागद माझ्या हातात आला होता. भरतीवाल्या मुलीला त्याचा अर्थ कळला नाही, तो तिचा दोष नाही. मला कळायला हवा होता. मी तो वाचलाच नव्हता, नुसता पुढे ढकलला होता.

त्यानंतर तो आधी सहा महिन्यांच्या करारावर आमच्याकडे आला, चौकटी आखणाऱ्या मुलामुलींना शिकवायला. सगळं गोड झालं असं सांगणार नाही. सुरुवातीचा पगार नव्याने लागलेल्या इंजिनिअरपेक्षा कमी होता. त्याची वरिष्ठ 26 वर्षांची होती. ती त्याला सर म्हणायची आणि तो तिला मॅडम, त्यामुळे कोण कुणाला काम सांगतंय हे बरेच दिवस ठरत नव्हतं. मीटिंगमध्ये मध्येच बोलायचं असतं हे त्याला पटायला वर्ष लागलं. संगणकाच्या आज्ञा शिकायला त्याने रात्री घालवल्या. पण त्याने आणलेली एक सवय आता आमच्या सगळ्या कामात आहे. प्रत्येक चौकटीपुढे तो तीनपैकी एक शब्द लिहायला लावतो, ‘नक्की’, ‘बहुधा’ किंवा ‘शक्य’. आज पडताळणीचं सगळं काम तो पाहतो.

तो नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आपल्या भूगोलाच्या बाई आठवल्या. नववीत त्यांनी आपल्याला शाळेच्या गच्चीवर नेलं होतं आणि दिसतं त्याचा नकाशा काढा म्हणाल्या होत्या. मी गावाबाहेरची विहीरही काढली होती. बाईंनी त्या विहिरीवर बोट ठेवून विचारलं, ‘‘ही तुला दिसली, की ती तिथे आहे हे तुला माहीत होतं?’’ गच्चीवरून ती दिसत नव्हतीच. मी खोडरबर घेतलं. बाई म्हणाल्या, खोडू नकोस, शेजारी तुटक रेघेने काढ. बाई, ती तुटक रेघ म्हणजे ‘बहुधा’. जे हवाई दलात शिकवतात ते तुम्ही आम्हाला गच्चीवर शिकवलं होतं, आम्हाला तेव्हा ते एक नकाशाचं चित्र वाटलं.

आता आपण सगळे त्या वयाला आलो आहोत जिथे कुणाचा तरी कागद आपल्या टेबलावर येतो. कुणी बँकेत आहे, कुणाचा कारखाना आहे, कुणी शाळा चालवतं. आपल्या बॅचचे सैन्यदलांत गेलेले आणखी तिघे येत्या दोन वर्षांत निवृत्त होत आहेत, आणि मुलं वाढवण्यासाठी दहा-पंधरा वर्षं घरी राहिलेल्या आपल्या मैत्रिणी पुन्हा कामाला लागू पाहत आहेत. त्यांच्याही कागदावर दोनच मोघम ओळी असतील. त्या वाचून झाल्या की एकदा फोन करा आणि विचारा, रोज सकाळी गेल्यावर तू नेमकं काय करायचास, काय करायचीस? मी हा एक प्रश्न विचारला असता तर त्याची तीन-चार वर्षं गोदामाच्या दारावर गेली नसती.

मेळाव्याच्या दिवशी तो येणार आहे. मी एक जुना स्टिरिओस्कोप मिळवला आहे, शाळेच्या परिसराचे दोन फोटोही ड्रोनवरून काढून घेतले आहेत. भूगोलाच्या बाईंनी पहिल्यांदा त्यात पाहावं अशी आमची दोघांची इच्छा आहे. गच्ची दिसते आणि विहीरही दिसते.